शुक्रवारचे शांत उंदीर

आमची दीपश्री दिवसभर उंदीर कसे खाजवतात ते बघत बसते. त्यासाठी तिनं एम.फार्म. केलं आणि आता पीएच.डी. करते आहे. तिची आई अनसूया, म्हणजे माझी वहिनी, स्थळं सांगून येतात तेव्हा "त्वचेवर संशोधन चाललंय" असं म्हणून वेळ मारून नेते. मी तिची आत्या, सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. मी सरळ उंदीर म्हणते. ज्या मुलाला उंदीर चालत नाहीत त्याला आमची पोरगी तरी कशी झेपणार?

काम ऐकायला गमतीचं, करायला महाकठीण. पांढऱ्या उंदराच्या मानेवरचे केस काढायचे, तिथं खाज सुटेल असं काहीतरी टोचायचं, त्याला पारदर्शक पेटीत सोडून कॅमेरा लावायचा आणि आपण पडद्याआड जाऊन बसायचं. मग ते चित्रण हळूहळू बघत, मागचा पाय मानेशी कितीदा गेला ते मोजायचं. पुढच्या पंज्यांनी तोंड पुसलं तर ती त्याची आंघोळ, ती मोजायची नाही. हे सगळं तिनं एकदा जेवताना करून दाखवलं, तेव्हा वहिनी ताट घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

विषय तिनं उगाच निवडला नव्हता. माझा भाऊ बाळाचार्य, म्हणजे माझा अण्णा आणि तिचे अप्पा, मूत्रपिंडाच्या दुखण्यानं बेजार आहे. त्या दुखण्याबरोबर अंगभर खाज आली. पुरळ नाही, चट्टा नाही, नुसती खाज. मलमं झाली, गोळ्या झाल्या, गुण शून्य. दीपश्रीच्या कॉलेजात झाडपाल्याचं एक नवं मलम तपासायचं होतं, ते काम तिनं मागून घेतलं. उंदरांना गुण आला की पुढं कधीतरी माणसांना, आणि माणसांत पहिले अप्पा, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि गुण आला! पेट्या कमी, म्हणून औषध न घातलेल्या साध्या मलमाचे उंदीर सोमवारी घ्यायचे. औषधी मलम गुरुवारी ताजं बनून यायचं, म्हणून त्याचे उंदीर शुक्रवारी. सोमवारचे उंदीर खाजवून खाजवून हैराण, शुक्रवारचे अगदी शहाण्या मुलांसारखे गप्प. तिच्या गाइड नेत्रा मॅडम खूश झाल्या, सेमिनार ठरला. वहिनीनं सज्जिगेचा, म्हणजे रव्याचा, शिरा केला. अण्णानं तर आमच्या अर्ध्या नवनगर वस्तीला सांगून टाकलं की मुलगी औषध काढतेय.

मग एका आठवड्यात आमच्याकडं नळाला पाणीच आलं नाही. शुक्रवार उजाडला, पिंपात प्यायच्यापुरतं पाणी. आमच्या घरी शुक्रवारचं न्हाणं चुकलं तर वहिनीला जेवण गोड लागत नाही. शिकेकाईनं डोकं धुवायचं आणि ओल्या केसांना धूप घालून धुरी द्यायची, हा तिचा नेम. त्या दिवशी दीपश्री तशीच वेणी घालून कॉलेजला गेली, आणि औषधी मलम लावलेले उंदीर सोमवारच्यांच्या वरताण खाजवत सुटले.

वासानं उंदीर घाबरतात, म्हणून त्यांच्या खोलीत वासाचं काहीही नेत नाहीत. पोरीनं त्यापायी पावडर सोडली, मल्लिगेचा, मोगऱ्याचा गजरा सोडला. पण धुरीला घरात कुणी वास म्हणतं का? तिनं पुन्हा तपासलं. केसांना धुरी असेल त्या दिवशी कुठलंही मलम लावा, उंदीर बिचकून कोपऱ्यात. धुरी नसेल तर सगळेच खाजवतात. मलमाचा काडीचा उपयोग नव्हता. दोन्ही गट एकाच दिवशी का घेतले नाहीत, म्हणून मॅडमनी तिला झाडलं, मग आपणही तेव्हा बोललो नाही म्हणून स्वतःलाही बोलून घेतलं. सेमिनार बारगळला.

ती घरी आली तेव्हा डोळे सुजले होते. मी म्हटलं, "अगं, गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"अप्पांना लावल्यावर कळलं असतं की, आत्या!" ती माझ्यावर खेकसली. मला तिचा अभिमान वाटला. पण आता अण्णाला सांगायचं होतं.

तो झोपाळ्यावर बसला होता. तिनं खाली बसून सगळं सांगितलं. सगळं ऐकून अण्णानं विचारलं,

"म्हणजे खाज गेली नव्हती?"

"नाही अप्पा. खाज होतीच. उंदीर वासाला भिऊन नुसते बसून राहायचे."

"हौदु, खरंय," अण्णा म्हणाला. "मी बी तेच करतो बघ. तू घरात आलीस की हात आवरून बसतो. भिऊन नव्हं गं. तुझं तोंड एवढंसं होतं, ते बघवत नाही."

वहिनी दारातच थबकली. संध्याकाळी त्याला बरं वाटतं असं आम्ही तिघी समजत होतो.

दीपश्री उठली, झोपाळ्यावर त्याच्या मागं जाऊन बसली आणि त्याचा सदरा वर केला. पाठभर ओरखडे होते.

"आता माझ्यासमोर खाजवायचं," ती रडत म्हणाली. "कुठं होतंय?"

"खांद्याखाली," अण्णा म्हणाला. "अजून जरा डावीकडं."