परत फेकलेला स्पंज

चूक माझीच होती. धारवाडच्या कुस्ती स्पर्धेत मुख्य पंच मी होतो, आणि अण्णांनी निकालाला दिलेलं आव्हान मी ऐकून घेतलं नाही.

हुबळीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. संध्याकाळी ते धारवाडजवळ केलगेरीच्या आखाड्यात मुलींना कुस्ती शिकवतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पंचांशी ते कधी हुज्जत घालत नाहीत. निकाल पटला नाही, तर नियमाप्रमाणे स्पंजचा तुकडा मॅटवर टाकतात आणि हात मागे बांधून उभे राहतात. मग पंचांना व्हिडिओ पाहावाच लागतो.

त्या दिवशी शेवटच्या कुस्तीत त्यांच्या शिष्येचे दोन गुण धरले गेले नाहीत, म्हणून त्यांचा स्पंज पडला. जिंकेल ती राज्याच्या संघात जाणार होती. एवढ्यात आयोजक माझ्या कानाशी आले, "पाहुणे निघालेत साहेब, आटपा." मी स्पंज परत फेकला आणि दुसऱ्या मुलीचा हात वर करायला लावला.

अण्णांची शिष्या रडू लागली. त्यांनी स्पंज उचलून खिशात घातला. "रडतीस काय? जा, जिंकली तिच्या वस्तादांच्या पाया पडून ये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इरली बिड्री साहेब, असू दे." त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

परवा दुकानात जाऊन माफी मागितली. कढई पुसता पुसता ते म्हणाले, "माझं काय गेलं? तिला सांगा की."

संध्याकाळी केलगेरीला गेलो. चपला काढून सगळ्या मुलींसमोर मॅटवर उभा राहिलो.

"बाळ, तुझे दोन गुण मला व्हिडिओशिवायही दिसले होते. तरी मी दिले नाहीत. मला माफ कर."