लाटसाहेबांच्या खानसाम्याचं सूप

आमचं विद्यापीठ म्हणजे पूर्वीचा लाटसाहेबांचा बंगला. साहेब गेले, पण त्यांचा एक खानसामा तिथंच राहिला आणि उपाहारगृह सांभाळू लागला. सगळे त्याला चाचा म्हणत. मी तिथं एम.ए.ला होते, दापोडीहून सायकलनं यायची.

पहिले कित्येक आठवडे उपाहारगृहाच्या त्या उंच छताखाली जायचं माझं धाडसच झालं नाही. घरची भाकरी बाहेर वडाखाली बसून खायची. एका दुपारी चाचाच बाहेर आले.

"कुठली गं तू?"

"दापोडीची."

"मग आपण शेजारीच की! आत ये. भाकरी खाल्ली म्हणून छत कोसळत नाही."

त्यांनी चिनी मातीच्या बशीत माझी भाकरी वाढली, कडेला काटा-चमचाही ठेवला. मी हसले तसे तेही हसले. मग समोर बसून त्यांनी त्यातली चतकोर मागून घेतली. पुढं तो रिवाजच पडला. भाकरी खाता खाता ते मला पुडिंग कसं थरथरायला हवं ते सांगत.

दुसऱ्या वर्षी आईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अन्न पोटात ठरेना. मी चार दिवस विद्यापीठात गेले नाही. पाचव्या दिवशी भर उन्हात चाचा पत्ता विचारत आमच्या चाळीत आले. सायकलच्या हँडलला पितळी डबा.

"भाज्यांचं सूप आहे," ते दारातूनच वडिलांना म्हणाले. "लाटसाहेब आजारी पडले की हेच लागायचं. पोरीनं सांगितलेलं, आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पातेलं नवं घेतलंय."

वडिलांनी डबा घ्यायला हात पुढं केला नाही. शेजारच्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या. चाचांनी डबा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि मागं सरले. तेवढ्यात आतून आईचा क्षीण आवाज आला.

"त्यांना भाईर का उभं केलंय? आत बोलवा. आन् ते आना हिकडं."

मी चमच्यानं पाजत होते. वाटीभर गेलं, आणि ठरलं. चाचा भिंतीला टेकून खाली बघत बसले होते. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. आई उठून बसेपर्यंत ते रोज आले.

परीक्षा झाली, सुटी लागली. निकालाला गेले तेव्हा भटारखान्यात नवा माणूस होता. चाचा लेकीकडं हैदराबादला गेले म्हणाला. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. पहिल्या वर्गात पास झाल्याचं त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

लग्नानंतर मी निगडीला आले. माहेरी गेले की आई पुढं कितीतरी वर्षं विचारायची, "तुझ्या चाचांचं काय कळलं का गं?"

"न्हाई गं आई," मी म्हणायची. मग ती भाकऱ्या थापायला उठायची.