ब्रेकवाल्या सरांचं विमान

औरंगपुऱ्यातल्या आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिला आठवडाभर गाडी चालवायला शिकवत नसत, थांबवायला शिकवत. सर गाडी एका रिकाम्या उतारावर नेत, सोडून देत आणि शिकणाऱ्यानं नुसता ब्रेक दाबायचा. "चालायचं काय कौतुक? उतार असला की दगडबी चालतो. थांबून दाखवा," असं ते म्हणत. त्यामुळं अर्ध्या संभाजीनगरात ते ब्रेकवाले सर म्हणूनच ओळखले जात. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि पुढं त्यांच्याच स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवू लागले.

हे थांबण्याचं खूळ गाडीपुरतं असतं तर ठीक होतं. लग्नाला गेले की आधी बाहेर पडायचं दार बघून येत, मग नवरा-नवरी. कुणी बोलण्याच्या भरात लांबण लावली की उजवा पाय हळूच जमिनीवर दाबत. मला तो पाय माहीत होता, म्हणून मी वेळीच गप्प बसायची.

असा माणूस विमान बांधील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरुणपणी त्यांनी विमान उडवायचं लायसन काढलं होतं, पण दुसऱ्यांच्या विमानात त्यांचं मन भरेना. मग पुंडलिकनगरच्या राहत्या घरात नळ्या आल्या, कापड आलं, कुठून तरी इंजिन आलं. पंख हॉलमध्ये आडवा आणि शेपटी बेडरूममध्ये. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कावून म्हणायच्या, "अहो, पाव्हण्यांना पंखाखालून वाकून यावं लागतंय."

"बरंय की. नमस्कार आपोआप होतो," असं सरांचं उत्तर.

विमानाला सीट दोन होत्या. दुसरी काकूंची, हे सरांनी पहिली नळी कापायच्या आधीच ठरवलं होतं. काकूंनी मात्र त्यांचंच औषध त्यांना पाजलं. "आधी एकदा उतरून दाखवा, मग बसते." सर चहा ढवळत मला म्हणाले, "रेखा, एकट्यालाच उडायचं असतं तर मी एकच सीट नसती का केली? ही बसली नाही तर एवढा सगळा खटाटोप फुकट." चेष्टा अगदी माझ्या जिभेवर आली होती, पण त्यांचा चेहरा बघून मी राहू दिली.

सिल्लोडजवळच्या आपल्या शेतात सरांनी मुरूम टाकून, रोलर फिरवून लांबलचक धावपट्टी केली, कडेला शेड घातली आणि विमान तिथं नेऊन जोडलं. दिल्लीच्या परवानग्या येईस्तोवर विमान त्या पट्टीवर नुसतं इकडून तिकडं धावायचं आणि टोकाला जाऊन थांबायचं. गावातले आप्पा एकदा न राहवून म्हणाले, "सर, जिमिनीवरूनच जायाचं असंल तर येष्टी सोस्त पडती की!"

शेवटी परवानगी आली. एका सकाळी सर उडाले, खरोखरच उडाले. मी आणि काकू शेडपाशी माना वर करून बघत राहिलो, आणि तिथंच घोटाळा झाला. मक्याचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडं सपाट, कडक जागा दिसली की तिथं मका वाळत पडतो. डांबरी सडकही त्यातून सुटत नाही. सरांच्या पट्टीवर आप्पांचा कधीचा डोळा होता. विमान गेलं, म्हणजे जागा मोकळी झाली, असा त्यांचा सरळ हिशोब. आम्ही मान खाली केली तेव्हा आप्पांची मक्याची ट्रॉली रिकामी होऊन पट्टी पिवळीधमक झाली होती.

मी ओरडत धावले. आप्पा शांत होते. "आत्ताच तर गेलं की ते. इतक्यात कुठं येतंय माघारी?"

"अहो, ते बघा, आलंच!"

"मग त्यास्नी म्हणावं, लई घाई करू नगा. दाणं ओलं हायेत."

पेट्रोल बेताचंच भरलेलं होतं. सर डोक्यावरून एक चक्कर मारून गेले, दुसरी मारली. काकूंनी पदर खोचला, आप्पांच्या हातातलं फावडं हिसकलं आणि पट्टीच्या मधोमध उभ्या राहून मका ओढायला लागल्या. "बघताय काय? माझा माणूस वर लटकलाय!" असं त्या ओरडल्या आणि सगळं गाव फळ्या, खराटे, ताडपत्र्या घेऊन धावलं. मधे विमानापुरती वाट झाली. सर उतरले. एक चाक मक्यात गेलं, दाणे उडाले, विमान तिरपं झालं आणि थांबलं. पंख्याच्या वाऱ्यानं सगळा भुसा उडून गेला होता. आप्पा खूश. "उफणायचं काम वाचलं."

सर मात्र हलेनात. "तू मधे कशाला आलीस?" ते काकूंवर खेकसले. "वरनं मला पट्टी दिसंना, मका दिसंना. नुसती तूच दिसत होतीस."

काकूंनी घाम पुसला. "उतरलात ना? आता बसते मी."

"आज नको," सर म्हणाले. नको म्हणायची पाळी त्यांच्यावर आली होती.

मका वाळून घरोघर गेला तेव्हा काकू बसल्या. एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं सरांची बाही घट्ट धरून. विमान वर गेलं तेव्हा सर त्यांच्याकडं वळून काहीतरी सांगताना खालून दिसत होते. खाली आल्यावर काकू म्हणाल्या, "छान होतं. वारा फार." त्यानंतर त्या कधी बसल्या नाहीत, सरांनीही आग्रह केला नाही. पण पुढं कितीतरी दिवस ते स्कूलमध्ये शीळ घालत फिरत.

गेल्या वर्षी सर अचानक गेले. मला फार जड गेलं ते, अजून जातं. विमान एका कॉलेजला दिलं. पोरं ते घेऊन गेली त्या दिवशी मी शेतावर काकूंजवळ थांबले होते.

"रेखा," त्या म्हणाल्या, "वर गेल्यापासून उतरेपर्यंत हे सारखे बोलत होते गं. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. खाली आल्यावर म्हणाले, 'पटलं ना?' मी आपलं हो म्हटलं. नंतर विचारायची लाज वाटली. तुला कधी काही बोलले होते का?"

मला काही बोलले नव्हते. मी नाही म्हटलं.

काकूंनी मोकळ्या शेडचं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "जाऊ दे. हो तर म्हटलंय मी."