बिनखोटीच्या काचा

आमच्या खासबाग पेठेत खोटीवर जीव टाकणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका जन्मला विणकराच्या घरी. शेजारच्या आप्पांचा हा थोरला. आप्पांना साडीत एक गाठ दिसली तर जेवण जायचं नाही. आणि हे चिरंजीव माझ्याकडे चहाला आले की टवका उडालेला कप मागून घ्यायचे. बाजारातनं किडकी वांगी वेचून आणायचा. संकेश्वरला मुलगी बघायला गेला, तर यानं तिलाच विचारलं, "तुमच्यात खोट काय हाय?" मंडळी पोहे टाकून उठली. हा मात्र बशी संपवून आला.

कॉलेजात तो संशोधन करायचा. काचेवर टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा आणि हवा न लागू देता, नायट्रोजनच्या झोतात भट्टीत भाजायचा. त्यातला थोडा ऑक्सिजन उडून जातो, थरात मोकळ्या जागा राहतात, काच काळपट निळी दिसते. ती रंगाच्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की रंग विरतो म्हणे. मी म्हटलं, बाबा, खोट कशाला पाडायची मुद्दाम? तर म्हणाला, "आक्का, चांगल्या थरातनं ऊन नुसतं पार होतंय. खोट असली तरच धरतंय."

सूत रंगवलेल्या पाण्यानं आमचं गटार आज लाल, उद्या हिरवं. ते त्याला निर्मळ करायचं होतं. कॉलेजातली भट्टी सारखी बिघडायची, म्हणून उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या भंगारातनं जुळवून यानं मागाच्या खोलीत स्वतःची बांधली. किती काचा तडकल्या, किती थर सुटले! कट्ट्यावर असा बसायचा, की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं घरात कोणी गेलं. एकदा मात्र माझ्या गच्चीवर लोणच्याच्या बरणीतलं लाल पाणी खरंच नितळ झालं. तेवढ्यात कॉलेजनं सांगितलं, दसरा झाला की गटाराच्या पाण्यावर करून दाखव, नाहीतर काम बंद, नोकरीही बंद. उरलासुरला नायट्रोजनचा गॅस लावून त्यानं शेवटच्या काचा भट्टीत घातल्या.

ती खंडेनवमी होती. आमच्यात त्या दिवशी यंत्राला विसावा. हा आंघोळीला गेला आणि आप्पांनी मागाला हार घातला, धोट्यांना कुंकू लावलं. भट्टीही यंत्रच की! त्यांनी तिचा गॅस बंद केला आणि दार उघडून आत उदबत्ती ओवाळली. तापलेल्या काचांना हवा लागली, गेलेला ऑक्सिजन मुकाट परत येऊन बसला. मी आरतीला होते. काचा जरा निवताच आप्पांनी एक जाड फडक्यात धरून उन्हाला लावली. आरशासारखी स्वच्छ.

"बघ रं, सगळे डाग गेले. तुझ्या कामाला देव पावला."

पोरगा ओल्या अंगानं दारात उभा. काच बघितली, मग बापाचा चेहरा बघितला.

"व्हय आप्पा," म्हणाला, "लई झ्याक झाल्यात."

आणि स्वतःच्या हातानं भट्टीला कुंकू लावलं. खरं काय झालं ते मला संध्याकाळी कट्ट्यावर सांगितलं; आप्पांना अजून नाही.

आता तो उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. ओतीव मालात खोट दिसली की खडूनं फुली मारून बाजूला काढायचा, हे काम. काचा आप्पांच्या देवघरात आहेत, रोज पुसतात. परवा चहाला आला, तेव्हा सवयीनं मी त्याचा तो कप पुढं केला. त्यानं टवक्यावरनं बोट फिरवलं.

"आक्का, चांगला कप न्हाय व्हय?"

मी बदलून दिला. बाहेर गटार लाल वाहत होतं. टवक्याचा तो कप मी अजून टाकलेला नाही.