नाण्याचं गाव

“मास्तर, ह्या शब्दाचं गाव कोन्तं?”

असं विचारताना ते उजव्या हाताचा तळवा उघडा करून पुढे धरायचे. उत्तर त्यात ठेवायचं आणि मग त्यांनी मूठ मिटायची, असा काहीसा थाट असे. तुम्ही त्या वर्षांत आर्णीच्या आमच्या शाळेत डोकावला असतात, तर घंटेजवळच्या स्टुलावरून त्यांनी तुम्हालाही एखादा शब्द विचारल्याशिवाय आत सोडलं नसतं.

ते आमच्या शाळेचे शिपाई. मी मराठी शिकवायला नवा लागलो होतो आणि ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणू लागलो. शिक्षण चौथीपर्यंत, पण शब्दांच्या चौकशीत आमच्या हेडमास्तरांच्याही वरताण. नवा माणूस भेटला की आपल्याकडे आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि त्यावरून काय ताडायचं ते ताडतात. भाऊंना हे दोन्ही प्रश्न जन्मभर पुरेपूर विचारून झाले होते. त्यातला पहिला आता ते शब्दांना विचारत होते. “आडनाव नाही सांगतलं तरी चालन,” म्हणायचे. “गाव सांगा फक्त.”

सत्तावन्न साली नये पैसे आले आणि भाऊंना नवंच खाद्य मिळालं. आण्यांचे नये पैसे करता करता सगळा गाव बेजार झाला होता. भाऊ मात्र खुशीत.

“रुपया कुठचा?”

“रूप या शब्दावरून आला,” मी सांगितलं. “छाप मारून ज्याला रूप दिलं, तो रुपया.”

त्यांनी खिशातून एक नया पैसा काढला. टिकलीएवढा. “मंग ह्याले काय म्हनावं? ह्याले तं रूपच नाही बिचाऱ्याले.”

दाम हा शब्द ग्रीकांच्या मुलखातून आला, हे ऐकून ते चाट पडले. “येवढ्या दुरून? पायीच आला असन!” पैशाच्या मुळाबद्दल पंडितांचं एकमत नाही म्हटल्यावर ते हसत सुटले. “पैशात कुठं एकमत रायते, मास्तर?” चिल्लरचं गाव तर त्यांनी माझ्याआधी शोधून आणलं. ढाणकीला बहिणीकडे गेले होते, तिथल्या बाजारात मिरची घ्यायला आलेल्या एका तेलुगू व्यापाऱ्याने सांगितलं की हा आमच्याकडचा शब्द. “चिल्लर शेजारचीच निंगाली. पैनगंगेच्या पल्याडची,” असं त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन जाहीर केलं. एखादी पोर आपल्या पाहुण्यातली निघावी तसा आनंद झाला होता त्यांना.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आदल्याच वर्षी भाऊ नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते. जाताना वाकून चालणारा माणूस येताना ताठ चालत आला, असं काही झालं नाही. ते आधीपासूनच ताठ चालत. फरक पडला तो किराण्याच्या दुकानात.

शाळेचा खडू, शाई, दिव्याचं तेल एका शेठच्या दुकानातून यायचं. हा शेठ उरलेले पैसे भाऊंच्या हातात कधी देत नसे. फळीवर ठेवायचा आणि भाऊंनी ते उचलायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. नागपूरहून आल्यावर भाऊंनी फळीवरचे पैसे उचलणं बंद केलं. भांडण नाही, वरचा आवाज नाही. तळवा उघडा करून नुसते उभे राहायचे.

“अरे ठेवले ना तिथं, घे ना,” शेठ म्हणायचा.

“हातात द्या.”

शेवटी शेठने आपल्यापुरती एक तोड काढली. वीतभर उंचीवरून पैसे त्यांच्या तळव्यावर सोडायचे. म्हणजे हातातही दिले आणि हातही लागला नाही. जुना ढब्बू पैसा जाडजूड होता, पडला की पडल्या जागी बसायचा. नया पैसा कसला बसतोय! एका बाजाराच्या दिवशी मी गुळासाठी दुकानात उभा होतो. शेठने वरून नया पैसा सोडला, तो भाऊंच्या तळव्यावरून टुणकन उडाला आणि थेट मुरमुऱ्याच्या पोत्यात गेला.

“दिला ना,” शेठ म्हणाला.

“मले कुठं भेटला? तो तं तुमच्याच पोत्यात गेला.” तळवा होता तिथेच.

शेठने दुसरा सोडला. तो गडगडत तुरीच्या डाळीत. तिसरा फळीच्या फटीत. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायला लागली. शेठ घामाघूम.

“घे बाप्पा, घे एकदाचा!” असं म्हणत त्याने चौथा पैसा भाऊंच्या तळव्यावर दाबून ठेवला. बोटं टेकवून.

भाऊंनी सावकाश मूठ मिटली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “सरकारनं पैसा बारीक केला, लय बरं केलं.” मग मूठ उघडून त्या पैशाकडे बघत त्यांनी विचारलं, “रुपयाचं झालं, दामाचं झालं. खुद्द नाण्याचं गाव कोन्तं, मास्तर?”

“शोधून सांगतो,” मी म्हणालो.

दुकानातला हा किस्सा मात्र मी महिनाभर ज्याला त्याला सांगत फिरलो. शेठच्या आवाजाची नक्कलसुद्धा करायचो. आपण किती पुढारलेल्या विचारांचे, याची मला त्या दिवसांत भारी हौस होती.

नाण्याचं गाव शोधायला सहा-सात महिने लागले. यवतमाळला एका कामासाठी गेलो, तेव्हा संस्कृतच्या एका निवृत्त शिक्षकांची गाठ पडली. त्यांनी सांगितलं, संस्कृतात नाणक असा शब्द आहे, आणि काही विद्वानांच्या मते तो नना नावाच्या देवीवरून आला. परदेशातली देवी. कुशाण राजांनी तिचं चित्र आपल्या नाण्यांवर छापलं. त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढून तिचं चित्र दाखवलं, आणि पान उलटल्यावर माझी नजर दुसऱ्याच चित्रावर थांबली. मी तिथे बसून पेन्सिलने ते कागदावर उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भाऊंना बोलावलं. देवीची हकीकत सांगितली. बाई परमुलखातली आहे हे ऐकून त्यांनी समाधानाने मान हलवली. मग कागद पुढे केला.

“आणि त्याच राजांच्या एका नाण्यावर हे आहेत.”

माझी चित्रकला यथातथाच. तरी गोल नाण्यावर उभे असलेले बुद्ध ओळखू येत होते. उजवा हात वर, तळवा उघडा.

भाऊंनी कागद हातात घेतला. कागदाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

“खरंच होतं असं नानं? लोकायच्या हातात?”

“हो. बाजारात चालायचं.”

“मंग हे कोनी वरून टाकत नसन, मास्तर.”

त्यांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली, डोळे पुसले, आणि रोजच्यासारखं विचारलं, “चाय आनू का?”

मी खिशात हात घातला. दहा नये पैशांचं नाणं काढलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं.

टक् असा आवाज झाला. आम्ही दोघांनीही त्या नाण्याकडे पाहिलं.

दीड वर्षं मी त्यांना चहासाठी पैसे देत होतो. दीड वर्षं, रोज, टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर. मनात काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगू शकलो असतो. पण माझ्या आईचा हात असाच पैसे ठेवायचा, आणि माझ्या हाताने मला न विचारता ती सवय उचलली होती. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी नाणं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. झाडूने खरखरीत झालेला, उबदार तळवा.

“भाऊ, शेठपुढे हात धरून उभे राहिलात. माझ्यापुढे का नाही?”

“त्याले सांगाच लागते,” ते म्हणाले. “तुमाले तं शब्दायचं येवढं समजते. म्हटलं, हेबी समजन एखाद्या दिवशी. म्हनून थांबून राह्यलो.”

आणि चहा आणायला गेले.

बासष्टला माझी बदली बोरी अरबला झाली. भाऊ एसटीपर्यंत ट्रंक घेऊन आले, मी नको नको म्हणत असताना. गाडी सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन विचारतात, “मास्तर, बदलीचं गाव कोन्तं?”

“अरबी शब्द आहे, भाऊ.”

“अरबस्तान! लय दुरून आली मंग, तुमाले न्यायले.” हसत होते, पण खिडकीचा गज काही सोडत नव्हते.

चार वर्षांनी आर्णीच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं, भाऊ गेले. पेन्सिलच्या चित्राचा तो कागद त्यांच्या घरी भिंतीवर, काचेच्या चौकटीत लावलेला होता म्हणे. मी त्या दिवशी वर्गात धड शिकवू शकलो नाही. मधल्या सुट्टीत आमच्या नव्या शिपायाला चहा आणायला सांगितलं. भाऊंच्याच समाजातला, तरतरीत, नुकताच लागलेला. मी नाणं त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि काहीतरी गुणगुणत सायकलकडे गेला. त्यात त्याला विशेष असं काही वाटलंच नाही.

माझा हात मात्र थोडा वेळ तसाच पुढे राहिला.