देवळाबाहेरचे सहा महिने

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. पण त्यानंतर माझी लघवी थेंब थेंब गळत राहिली. हे मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. वाशीच्या बाजारात मी जन्मभर पोती वाहिली, आणि आता नुसता खोकला आला तरी पायजमा ओला. नावड्याला आमच्या घराजवळ विठोबाचं छोटं देऊळ आहे. तिथल्या भजनात मी वीस वर्षं टाळ धरला. अशा विटाळलेल्या अंगानं आत कसं बसायचं, म्हणून सहा महिने बाहेर चपलांपाशी उभा राहून हात जोडायचो. एवढी सेवा घेतलीस आणि शेवटी हे का दिलंस, असं मनात यायचं.

गळू नये म्हणून मी पाणी पिणंही सोडत चाललो होतो. ऐन चैत्रात एका सकाळी तिथंच उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा पारावर आडवा होतो आणि एक अनोळखी म्हातारा माझ्या तोंडाला तांब्या लावत होता. पायजमा भिजला होता. त्यानं खांद्यावरचा पंचा सहज टाकावा तसा माझ्या मांडीवर टाकला. तो जासई गावचा, इथं लेकीकडे आलेला. सरकारी इस्पितळात वॉर्डातला मामा म्हणून त्यानं रोग्यांची शी-शू काढली होती.

"पानी बंद केलंय ना तुमी?" तो हळूच म्हणाला. "मी असे लय बघलेत. पानी सोडून थेंब थांबत नाय."

मग त्यानं शांतपणे समजावलं. जुन्या टॉवेलच्या घड्या शिवून आत ठेवायच्या, धुऊन कडक उन्हात वाळवायच्या. पाणी भरपूर प्यायचं. लघवी अडवताना जिथं आवळतो, तिथंच दिवसातून तीन वेळा बसून आवळायचं, पाचदा देवाचं नाव होईपर्यंत धरायचं, मग सोडायचं. असल्या कामाला देवाचं नाव, म्हणून मी संकोचलो.

"अंग त्यानंच दिलंय," तो म्हणाला. "त्याला काय नवीन हाय?"

घड्या शिवायच्या तर बायकोला सांगणं भाग होतं. त्या दुपारी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिनं जुना टॉवेल काढून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मला धाकटीच्या वेळच्या बाळंतपणापासून आहे."

आमची धाकटी लेक आता बत्तीस वर्षांची आहे. ही भजनात दाराशी का बसायची, आरतीतून मध्येच का उठायची, गावी जायला एसटीत बसायचं कायम का टाळायची, ते मला त्या क्षणी कळलं. देवापुढंही तुला स्थिर बसवत नाही, असं मी तिला किती वेळा टाकून बोललो होतो.

आता सकाळी आम्ही दोघं भिंतीला टेकून बसतो आणि नाव घेतो. मी तिला पालिकेच्या दवाखान्यात बाईडॉक्टरांकडेही नेऊन आणलं. दोघांचंही पुष्कळ कमी झालंय, तरी थेंब अजून जातात; तसाच मी पुन्हा देवळात आत बसून टाळ धरतो. देवावर सोपवायचं म्हणजे आधी त्याच्यापासून लपवणं सोडायचं, एवढं मला उमगलं. तो मामा पुन्हा दिसला नाही. देवानं त्याला माझ्यासाठी धाडलं असं मी म्हणायचो. अलीकडे वाटतं, तो तिच्यासाठी आला होता, निरोप तेवढा माझ्याकडे दिला.

भजनात ती आता पुढे बसते.