पेन्सिलीने खोडलेले प्रकाशक

नवी डिरेक्टरी हातात पडली की शुभदाताई ती लगेच वाचायला घेत नसत. आधी कपाटातून गेल्या वर्षीची काढायच्या, दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या, पेन्सिलीला टोक करायच्या आणि जुनीवरून नवीवर नजर फिरवायच्या. "कोण आलंय ते नंतर. कोण गेलंय ते आधी बघायचं," असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी असलेलं एखादं मासिक यंदा गायब दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा. स्वतःच त्याला पकडून दिल्यासारखा.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. कोणतं मासिक किंवा कोणता प्रकाशक कसलं लेखन घेतो, केवढं घेतो, मानधन देतो का, उत्तर कधी देतो आणि पाठवायचं कोणाच्या नावे, याची ही दरवर्षी निघणारी जाडजूड यादी. नोकरी न करता सुटं लेखन करणाऱ्यांसाठी काढलेली. पुढे आखातातली इंग्रजी मासिकं, मग भारतातली, आणि अगदी मागे, जाहिरातींच्या आधी, भारतीय भाषांचे प्रकाशक. मराठीला मोजकी पानं.

माझं मत स्पष्ट होतं. हा दलालीचा धंदा आहे. लिहिणाऱ्याच्या गरजेवर जगायचं आणि वर त्यालाच पुस्तक विकायचं. दुबईच्या देरा भागातल्या मराठी मंडळाच्या लेखन-कार्यशाळेत मी उभी राहून हे बोललेही. पुण्याच्या कॉलेजात मी तीन वर्षं पत्रकं लिहिली, छापली आणि वाटली होती. दुबईत पत्रकं वाटायची सोय नाही, म्हणून परत आल्यावर तो सगळा जोर मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि अशा सभांत काढत असे. मी बोलून खाली बसले तेव्हा मागच्या रांगेतून एक ठेंगण्या, कुरळ्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "चांगलं बोललीस. तू वाचलीयस का पण ती?"

"वाचायची गरज काय? तत्त्वाचा प्रश्न आहे."

"म्हणजे पत्रक आधी, वाचन नंतर." सभा हसली. चहाच्या वेळी त्या माझ्याशेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चोर आहेतच त्यात, तुझं खरंय. पण नुसतं 'चोर चोर' करून उपयोग काय? नावानिशी सांगता आलं पाहिजे. घरी ये."

मी गेले आणि दारातच "काकू" म्हणाले. त्या म्हणाल्या, "काकू नको. काकू म्हटलं की पोहे करावे लागतात. ताई म्हण, म्हणजे बिस्किटांवर भागेल."

शुभदाताईंची सारी नोकरी रास अल खोरला झाली. तिथल्या गॅरेजांत आपटलेल्या गाड्या येतात. ताई विमा कंपनीच्या वतीने जाऊन बघायच्या, की ठोकर खरंच आत्ताची आहे का जुनंच मोडकं या अपघातात घुसडलंय. मेकॅनिक, गाडीवाला, दोघेही त्यांना टरकून असत. एकदा त्या मला तिकडे घेऊन गेल्या होत्या. एका गाडीमालकाने फार अजिजीने सांगायला सुरुवात केली, तर ताई म्हणाल्या, "भाईसाब, आप मत बोलिए. गाडी को बोलने दीजिए." मग त्या गाडीभोवती अशा काही फिरल्या की तो माणूस स्वतःहूनच म्हणाला, "मॅडम, वो पिछला दरवाजा छोड़ दीजिए."

निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर फ्रीलान्सचा परवाना काढला आणि लिहायला लागल्या. मुलांच्या मासिकांत गिअर कसा चालतो, ब्रेक का लागतो. मोठ्यांच्या मासिकांत सेकंडहँड गाडी घेताना काय बघायचं. ते सगळं छापून येई, आणि का येई ते मला त्यांच्या टेबलापाशी बसून कळलं. डिरेक्टरीतली नोंद त्या विम्याच्या दाव्यासारखी वाचायच्या. 'सर्व प्रकारचे साहित्य स्वीकारतो' दिसलं की भुवई वर. "ज्याला सगळं चालतं त्याला काहीच नको असतं. हा लेखक गोळा करतोय, लेख नाही." उलट 'कविता पाठवू नयेत, प्रवासवर्णन पाठवू नये, आधी विचारल्याशिवाय काहीच पाठवू नये' अशी खडूस नोंद असली की खूश. "याला काय हवंय ते ठाऊक आहे. आपला वेळ वाचवला बिचाऱ्याने." मी तोवर माझे लेख एकाच वेळी दिसेल त्या पत्त्यावर धाडत होते आणि उत्तर नाही आलं की व्यवस्थेच्या नावाने चिडत होते. माझा लेख बागकामाच्या मासिकाला गेला होता, हे मला ताईंनी दाखवलं.

विश्वास मात्र त्यांचा डिरेक्टरीवरही नव्हता. "खोटी नसते गं, शिळी असते. इथे ती छापून बाजारात येईपर्यंत निम्म्या संपादकांचा व्हिसा संपतो. तू 'प्रिय श्रीमती अमुक' म्हणून लिहितेस आणि श्रीमती अमुक कधीच्या मंगळूरला जाऊन बसल्यात." म्हणून आखातातली प्रत्येक नोंद त्या फोन करून तपासायच्या, आणि तेही रविवारी सकाळी. तेव्हा इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. रविवारी आठवडा सुरू व्हायचा आणि जो तो टेबलापाशी असायचा. "संडे मॉर्निंगला जो टेबलावर नाही, तो धंद्यात नाही. खलास, पुढचं." तीन रविवार फोन, एकदाही उचलला नाही, तर नोंदीवर पेन्सिलीची रेघ. आखाती मासिकांच्या बाबतीत ही कसोटी कधी चुकली नाही.

माझं पुस्तक तयार झालं ते या सुमारास. इथेच वाढलेल्या मराठी मुलांशी बोलून लिहिलेलं. जन्म इथला, शाळा इथली, घर भाड्याचं, आणि बापाची नोकरी गेली की ज्याला 'आपलं गाव' म्हणतात पण जिथे कधी राहिलो नाही तिथे परत जायचं. मी त्यांच्यातलीच. दोन वर्षं मी त्या मुलांच्या मागे फिरले होते. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहिलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी फक्त माझ्या शब्दावर आपली नावं छापायला दिली होती. पुस्तक आलं नाही तर ती मला काही म्हणाली नसती, पण मी त्यांच्याकडे वर तोंड करून बघू शकले नसते.

ताईंनी मराठीची पानं उघडली. त्यांना ती नवी होती. त्या इंग्रजीत लिहायच्या, आणि ठाण्याहून बाविसाव्या वर्षी आल्यापासून तिकडच्या कुठल्या ऑफिसशी त्यांचा संबंधच आलेला नव्हता. पण पद्धत तीच. रविवारी सकाळी स्पीकरवर फोन. पुणे, रिंग वाजून बंद. नाशिक, बंद. कोल्हापूर, एकाच ओळीची नोंद, 'सामाजिक विषय, हस्तलिखित टपालाने', बंद. ताई प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायच्या. "बघ. तुझी मराठी प्रकाशनं. छापखान्यावर कुलूप, डिरेक्टरीत नाव." मी पेटून उठायचे. तीन रविवारांत पान जवळजवळ काळं झालं. मी ग्रुपवर टाकायला 'मराठी प्रकाशकांचा मृत्यू' नावाचं खरमरीत काहीतरी लिहायलाही घेतलं.

एकच उरला. मुंबईचा, शेजारी पानभर जाहिरात असलेला. पहिल्या रिंगला फोन उचलला. आवाज मधाळ. "ऋता मॅडम, विषय ऐकूनच अंगावर काटा आला." पुढच्या महिन्यात तो दुबईत येणार होता. देऱ्यातल्या एका हॉटेलच्या लॉबीत आम्ही भेटलो. हस्तलिखिताची पहिली काही पानं त्याने चाळली, डोळे टिपले आणि छापील करार पुढे केला. मी पेन काढलं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला होता. इतक्या दिवसांत कोणीतरी माझ्या पुस्तकाला हो म्हणत होतं.

ताईंनी करार माझ्या हाताखालून ओढून घेतला. तो काही बोलू लागला, तसं त्या म्हणाल्या, "एक मिनिट हां. मला वाचताना कोणी बोललं की चालत नाही." मग बोट ठेवून मला दाखवलं. सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमचे हक्क. मुलाखतींची मूळ रेकॉर्डिंग्जसुद्धा. आणि पुस्तक कधी काढणार याबद्दल कुठेही अवाक्षर नाही.

"स्टँडर्ड आहे मॅडम," तो हसत म्हणाला.

"असेल. पण पुस्तक काढायचं तुमच्यावर कुठे बंधन आहे? हे तर तुम्ही नुसतं ठेवून घेताय." त्यांनी पर्स उचलली. "चल गं."

मी रस्त्यात रडले, आणि मग ताईंवरच चिडले. "तुम्हाला सगळेच चोर दिसतात. एक उरला होता, तोही घालवलात. आता कोणाकडे जाऊ?" ताई चालत राहिल्या. मेट्रोच्या जिन्यापाशी एवढंच म्हणाल्या, "ते मला माहीत नाही."

घरी येऊन मी सगळं आईला सांगितलं. आई शाळेत शिकवते, लग्न होईपर्यंत सांगलीत वाढलेली. भाजी निवडता निवडता ती थांबली. "कधी केलेत म्हणालीस फोन?"

"रविवारी. सकाळी."

"अगं, तिकडे रविवार असतो."

"इकडेही असतो."

"तिकडे सुट्टी असते, बाई. कोण येणार ऑफिसात? मी माझ्या बहिणीला रविवारी का फोन करते? ती घरी असते म्हणून." मग आई इतकी हसली की तिला भाजी बाजूला ठेवावी लागली. मी हसले नाही. माझ्या आयुष्यात रविवार कधी सुट्टीचा नव्हताच. पुण्याची तीन वर्षं सोडली तर, आणि तिथे मी सुट्टी आंदोलनात घालवली होती.

दुसऱ्या दिवशी मी शुभदाताईंना सांगायला गेले. वाटलं होतं, उडवून लावतील. त्यांनी डिरेक्टरी पुढे ओढली आणि ते काळं पान उघडलं.

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी माझा फोन उचलला कोणी, तर त्या एकट्याने," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याला पास केला." खोडरबर शोधायला उठल्या, मग परत बसल्या. "ऋता, माझी कसोटी चोराला पास करत होती."

"इथल्या मासिकांना बरोबर चालायची ना, ताई."

"समजूत घालू नकोस. फोन लाव. आज सोमवार आहे."

पुण्याने उचलला. त्यांना कादंबऱ्याच हव्या होत्या, आणि तसं नोंदीत लिहिलंही होतं. नाशिकने उचलला, वर्षभर काही घेणार नव्हते. कोल्हापूरच्या नंबरवर एक म्हातारा आवाज आला. "बोला." मी विषय सांगितला. "पाठवा टपालाने. वाचायला तीन महिने लागतील. आवडलं तर कळवीन, नाही आवडलं तरी कळवीन. ईमेलवर माझे डोळे दुखतात." फोन बंद. नोंदीत जे एका ओळीत होतं तेच तो बोलला होता. एक शब्द जास्त नाही.

ताईंना ते अजिबात पटलं नाही. "एवढं सरळ कोणी नसतं. काहीतरी असणार." पण पार्सल त्यांनीच बांधलं, आणि पोस्टातल्या माणसाने ते नीट ठेवलं का हे बघायला काउंटरवर थांबून राहिल्या.

तीन महिन्यांनी कोल्हापूरहून पाकीट आलं. आत दोन पानांचा करार. एक आवृत्ती, एक भाषा, वर्षभरात पुस्तक नाही निघालं तर सगळे हक्क आपोआप माझ्याकडे परत. रेकॉर्डिंग्जचा उल्लेखच नाही. तेव्हा ताईंच्या घरात खोके बांधायचं काम चालू होतं. त्यांचा परवाना संपत आला होता, गुडघे गेले होते, आणि त्या कायमच्या ठाण्याला भावाकडे चालल्या होत्या. बांधलेल्या खोक्यावर बसून त्यांनी करार वाचला. परत वाचला. पाठीमागून उजेडात धरून बघितला.

"काही सापडतंय?" मी विचारलं.

"नाही." त्या अस्वस्थ दिसल्या. "म्हणूनच. सही करू नकोस अजून."

"ताई, आता बास. तुम्ही जाताय. मग मला कोण सांगणार?"

"थांब म्हटलं ना. चार दिवस थांब."

त्या गेल्या. विमानतळावर मिठी मारतानाही कराराबद्दल काही बोलल्या नाहीत, नुसत्या सामानाच्या पट्ट्यावरच्या माणसावर लक्ष ठेवून होत्या. मी घरी करार टेबलावर ठेवून बसले. रोज सही करायचं ठरवायचे आणि रोज ताईंची भीती वाटायची. त्या चार दिवसांत त्या मुलांपैकी एकीचा मेसेज आला, तिच्या बाबांची नोकरी गेली होती आणि ते महिनाअखेर नागपूरला चालले होते. 'इज द बुक कमिंग?' एवढंच तिने विचारलं होतं.

मग एके दुपारी भारतातल्या नंबरवरून फोन आला. मागे कुठेतरी छापखान्याचं यंत्र चालू होतं, त्यामुळे ताई ओरडून बोलत होत्या.

"कोल्हापूरला आलेय. रात्रभर बसमध्ये होते, गुडघ्यांचं विचारू नकोस. ऐक. जागा भाड्याची आहे, पण जुनी. छत गळतं, खाली बादली ठेवलीय. पुस्तकांचे गठ्ठे आहेत, धूळ नाही त्यांच्यावर, म्हणजे उचलले जातात. मी समोर असताना दोन कॉलेजातली मुलं येऊन पुस्तक घेऊन गेली. त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, नातेवाईक नाहीत."

मागून तो म्हातारा आवाज आला, "बाई, पण तुम्ही कोण?"

"मी तिची कोणी नाही," ताई त्याला म्हणाल्या. "बघायला आलेय." आणि मग मला, "तुझं हस्तलिखित याच्या टेबलावर आहे. पेन्सिलीने खुणा केल्यात, शेवटच्या पानापर्यंत. वाचलंय त्याने."

"म्हणजे विश्वास ठेवायचा, ताई?"

"विश्वासाचं मला विचारू नकोस, त्यातलं मला कळत नाही. मी बघितलंय, एवढं सांगते. सही कर."